रिकामं म्हणण्याआधी

इंग्विलनं माझं मनगट धरलं तेव्हा काचेचं मोठं पात्र मोरीवर तिरकं झालेलं होतं आणि काठावरून पाण्याची पहिली धार सुटली होती. "थांब, सिग्रुन," ती म्हणाली, "त्यात आहेत अजून." तिचा आवाज चढला नव्हता. इंग्विलचा आवाज कधी चढत नाही, चढला असता तर मला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं. मी म्हटलं, "नाहीत. मी पाहिलंय." तिनं माझ्या हातातून पात्र काढून घेतलं, मागे काळं कापड धरलं, बाजूनं विजेरी लावली आणि डाव्या अंगाला बोट दाखवलं. मी मान वळवून बघितलं, आणि होते. आमचे जीव, समुद्रात तरंगणारे, शेपटीसकट तांदळाच्या दाण्याएवढे, पाण्याइतकेच पारदर्शक, आपापल्या बुळबुळीत घरात बसून शेपटी हलवत होते. मान वळवण्याआधी तिथे नुसता काळोख होता. आता होते ते म्हणजे चांगले भरलेले, उद्या अंडी घालतील असे. मी आधी हसले. मग म्हटलं, "चष्म्याचा नंबर वाढला वाटतं." आणि इंग्विलही हसली, कारण माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहे ती, मोठ्यांनी दिलेलं कारण अजून ऐकून घेते.

आमच्या प्रयोगशाळेच्या तळघरात एक रीत आहे. पात्र ओतण्याआधी छताचा दिवा मालवायचा, पात्र काळ्या कापडापुढे धरून सगळ्या बाजूंनी बघायचं आणि मोठ्यानं 'रिकामं' म्हणायचं. मग दुसऱ्यानं बघायचं, त्यानंही 'रिकामं' म्हणायचं, आणि त्यानंतरच मोरीत ओतायचं. ह्या जीवांचं आयुष्य आठवड्याचंही नसतं, अंडी घातली की ते मरतात, त्यामुळे प्रत्येक पिढी हातानं उचलून पुढच्या पात्रात न्यावी लागते. एक पिढी चुकून मोरीत गेली की सगळा वंश गेला. नाताळ असो, ईस्टर असो, कुणी तरी खाली उतरतंच. वीस वर्षं हा वंश असा हातोहात चालत आला आहे आणि त्यातली बरीच वर्षं ते हात माझे होते. म्हणून माझ्यापुरतं ते दुसरं 'रिकामं' कधीच गळून पडलं. कुणी ठरवलं नाही. "सिग्रुननं बघितलंय ना, मग झालं," असं सगळे आधी थट्टेनं म्हणायचे, मग सवयीनं. मलाही ते आवडत होतं. डोळ्यांत तेल घालून काम करणारी बाई अशी ख्याती कुणाला नको असते?

उन्हाळ्यापासून वंश रोडावत होता. प्रत्येक पिढीत थोडे कमी. आम्ही फ्योर्डच्या खाडीतून येणाऱ्या पाण्याला नावं ठेवली, गाळण्या बदलल्या, पाणी शुद्ध करायचा कोळसा बदलला, खाद्याची शेवाळं नव्यानं वाढवली. बैठकीत सगळे माझ्याकडे बघायचे आणि मी पाण्याच्या खारेपणावर बोलायचे. मोरीजवळ ते मनगट सुटल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की पाण्यात काही बिघडलं नसेल. मी त्यांना जिवंतपणी ओतत आले असेन, रिकामं म्हणून. हा विचार मी तिथेच, हात पुसता पुसता, दुसऱ्या विचारानं झाकला: आज दमले आहे, गुरुवार आहे, उपाहारगृहात बटाट्याचे गोळे असतील. आणि मी खरोखरच वर जाऊन खारवलेल्या मटणाबरोबर दोन गोळे खाल्ले. त्यांची चव मला अजून आठवते, ह्याची लाज वाटते. ताटाच्या डाव्या कडेला ठेवलेली काकवी मला दिसली नव्हती. समोरच्यानं ती पुढे सरकवली.

घरी जाताना पाऊस होताच. बर्गनमध्ये पावसाची दखल घ्यायची नसते. अंधारात गाड्यांना दिसावी म्हणून कोटाला लावलेली चमकपट्टी झुलत होती, ऑक्टोबरची संध्याकाळ दुपारीच सुरू झाली होती, आणि आमच्या उतरत्या बोळात मी भिंतीला हात लावून चालते हे मला त्या दिवशी कळलं. केव्हापासून चालते? दगड ओले असतात म्हणून, असं मी समजत होते. त्या बोळातून माझ्यापुढे एक बाई झपझप उतरत होती, सत्तरीची तरी असेल, भिंतीला न शिवता. मला तिचा राग आला. रागाच्या आड दुसरं काही तरी उभं होतं आणि ते कोण आहे हे मला ठाऊक होतं. ते वसंतात माझ्याकडे आलं होतं, फोनवरून, माझ्या भावाच्या आवाजात.

यूस्टाइन हाउगेसुंदला वीजतंत्री आहे. दोन वर्षांपासून त्याला अंधारात वायरींचे रंग ओळखू येईनात, दाराच्या चौकटींवर खांदे आदळायला लागले. हात दाखवून अवलक्षण नको म्हणून तो टाळत राहिला आणि शेवटी बायकोनं ओढून नेलं. रक्त तपासलं. मग मला फोन केला. "ऐक," तो म्हणाला, "डॉक्टरीण म्हणते डोळ्यांत दोष नाहीये. दोष कुठल्या तरी कापायच्या यंत्रात आहे. जनुकाची नक्कल काढल्यावर मधले तुकडे कापतं ते. मी म्हटलं, अहो, माझी बहीण आयुष्यभर तेच करतेय. तर ती हसली, म्हणाली, मग मला काय विचारता?"

"कापून जोडायचं यंत्र," मी म्हटलं. "नुसतं कापायचं नाही."

"तेच ते. बिघडलंय म्हणे. एक अक्षर बदललंय. आता सांग."

आणि मी सांगितलं. किती छान सांगितलं. पेशीत जनुकाची नक्कल निघते तेव्हा तीत कामाचे तुकडे असतात आणि त्यांच्या मध्येमध्ये बिनकामाचे. यंत्र बिनकामाचे कापून टाकतं आणि कामाचे एकमेकांना जोडतं, तेव्हा कुठे वाचण्याजोगा मजकूर होतो. कुठे कापायचं हे ठरलेल्या अक्षरांच्या खुणांवरून कळतं, जवळजवळ सगळ्या प्राण्यांत त्याच खुणा. आमचे जीव मात्र वेगळे. त्यांचा जनुकसंच फारच आटोपशीर, माणसाच्या चाळिसाव्या हिश्शाएवढाही नाही, मधले तुकडे एवढेएवढेसे, आणि त्यांचं यंत्र इतकं सैल झालेलं की ठरलेली खूण नसली तरी दुसऱ्याच अक्षरांवर कापतं आणि तरीही बिनचूक जोडतं. सुरुवातीला आमच्या संगणकांनी असले काप चूक समजून फेकून दिले होते, कारण त्यांना इतर प्राण्यांवरून शिकवलेलं होतं. मग आम्ही बघितलं की चूक नाही, हे असेच जगतात, मजेत जगतात. मी तासभर बोलले. मला स्वतःचा आवाज आवडत होता. यूस्टाइन सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे तुझ्या त्या शेंबड्या किड्याचं यंत्र कसंही कापतं आणि त्याचं बरं चाललंय. माझ्या यंत्रात एक अक्षर इकडचं तिकडे झालं आणि मी आंधळा होणार."

"आंधळा असं नाही. कडेनं हळूहळू कमी होत जातं. मधलं बरीच वर्षं राहतं."

"बाईसाहेब, दुरुस्त करा की मग. वीज गेली तर मी येतो ना तुमच्याकडे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तेव्हा तोच म्हणाला, "बाबांकडून आलंय म्हणे. तूही बघून घे. असण्या-नसण्याचं तुझं निम्मं निम्मं आहे." तो 'निम्मं निम्मं' असं म्हणाला जसं लहानपणी केक वाटताना म्हणायचा. मी बघते म्हटलं. आणि वसंत गेला, उन्हाळा गेला.

बाबांकडून. त्यांचं आनफिन हे नाव आमच्या गावात वाईट नव्हतं, पण त्याच्यामागे हसणं असायचं. बाबांनी कातरवेळी होडी खडकावर घातली होती, सगळ्या गावाला ठाऊक असलेल्या खडकावर, आणि गाव म्हणालं, प्यायला होता. प्याले नव्हते. पण आईनंही कधी नाही म्हटलं नाही, तिला प्यालेला नवरा चालत होता, बावळट नवरा चालत नव्हता. "डोळे काय खिशात ठेवलेस?" ती म्हणायची, कपाला धक्का लागून कॉफी सांडली की, रोजच. बाबा संध्याकाळनंतर कुठे जात नसत. नाच नाही, शेजारी नाही, आम्ही त्यांना माणूसघाणे म्हणायचो. होडीघरापासून घरापर्यंतची वाट झाडीतून जायची, दिवे नव्हते, आणि शरदात परतायला उशीर झाला की ते मला पुढे घालायचे आणि माझ्या पावसाळी कोटाची टोपी मागून मुठीत धरायचे. मी सात-आठ वर्षांची असेन. मला वाटायचं, मी हरवू नये म्हणून बाबा धरतात. किती ऊब वाटायची मानेला. कधी जास्त ओढली गेली तर गळ्याला काचायचं, तरी मी बोलत नसे. यूस्टाइनच्या फोननंतर सहा महिने मी कापजोडीचा विचार केला, त्या टोपीचा केला नाही. तो बोळात, भिंतीला हात लावून उभी असताना आला. मी त्यांना घरी नेत होते. ते मला नेत नव्हते. आणि हे त्यांनी कुणालाही कळू दिलं नाही, मलासुद्धा नाही, दिवसाउजेडी माझ्यापुढे चालून ते पुन्हा बाप व्हायचे.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे एक पांढरा घुमट असतो. हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि कुठेही बारीकसा उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी दाबत होते. मग बराच वेळ काही चमकेना. यंत्राचा तो बारीक गुणगुणाट येत होता, म्हणजे उजेड पडत होते. शांतता लांबत गेली तशी मला शाळेतल्यासारखी भीती वाटायला लागली आणि मी अंदाजानं दाबायला लागले, एक लय धरून. सत्तेचाळीस वर्षांची शास्त्रज्ञ बाई यंत्राला फसवत होती. यंत्र फसत नाही, त्याला असल्या बायका माहीत असतात. तरुण डॉक्टरनं चित्र दाखवलं: मध्ये एक उजळ खिडकी, भोवती काळं कडं. "गाडी आता चालवायची नाही," तो म्हणाला. "काही शंका?" मला ह्या विषयात त्याच्यापेक्षा जास्त कळत होतं. कोणत्या यंत्राच्या कोणत्या भागात काय सैल झालं असेल, नेत्रपटलाच्या पेशीच का आधी उपाशी मरतात ह्याचे कोणते तर्क आहेत आणि त्यातला एकही का पटत नाही, हे मी त्याला सांगू शकले असते. मी विचारलं, "औषध?" त्यानं मान हलवली. त्याला वाईट वाटलं होतं. मग रक्त दिलं, पण ते आता केवळ रिवाज म्हणून. आडात होतं ते पोहऱ्यात आलं होतं.

इंग्विलला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, सगळं, मोरीजवळ उभी राहून. उन्हाळ्यापासूनचंही. ती काही वेळ गाळणीची नळी पुसत राहिली. "आपण गाळण्या बदलत बसलो," ती म्हणाली.

"हो."

"मलाच कळायला हवं होतं. दुसऱ्यानं बघायचं असा नियम आहे. तुझ्यासाठी नियम नाही असं कुठे लिहिलंय?" मग माझ्या दंडाला धरून म्हणाली, "आता दोघी बघू. पहिलं रिकामं तू म्हण, दुसरं मी." मला पहिलं म्हणू देण्यात तिचा चांगुलपणा होता आणि तो मला सोसवेना. मी म्हटलं, "तूच म्हण दोन्ही." आणि वर निघून गेले.

घरी तिरिल होती. माझी मुलगी, पंधराची, तिचा बाप ट्रॉनहाइमला. फेब्रुवारीत सोळा पूर्ण झाले की आईला शेजारी बसवून गाडी शिकता येते, आणि तिनं गाडीमागे लावायची ती लाल अक्षराची पाटी आतापासूनच आणून फ्रिजवर चिकटवली होती. "आई, तू शेजारी बसून ओरडणार नाहीस असं लिहून दे," ती म्हणायची. डोळ्यांची गोष्ट मी तिला सांगितली होती. म्हणजे माझ्या डोळ्यांची. तिनं मिठी मारली, रडली, मग विचारलं, "मग गाडीत शेजारी कोण बसणार?" आणि लगेच स्वतःच लाजली. निम्मं निम्मं हे मी सांगितलं नाही. कायद्यानंही सोळाच्या आत ती तपासणी करत नाहीत, कारण कळूनही करण्यासारखं काही नसतं, आणि नंतर हवी की नको हे तिनं ठरवायचं. मी कायद्याच्या आड बसून राहिले. पण बसवत नव्हतं. ती जेवताना मी तिच्या पेल्याकडे बघायचे. तिच्या कोपराचा धक्का लागून पेला हलला की मी हातातला काटा खाली ठेवायचे. सगळ्याच मुलांचे पेले हलतात. एकदा मी मुद्दाम पावाची टोपली तिच्या डाव्या कडेला ठेवली आणि ती "पाव कुठाय?" म्हणाली. मी उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून बसले. बाहेर आले तर ती फोनवर हसत होती आणि पाव खात होती. फोनकडे बघत होती म्हणून दिसली नसेल टोपली. किंवा नसेल दिसली. अशी वाक्यं मी दिवसभर उलटून पालटून बघत असे.

रविवारी पाळी माझी होती. इंग्विल म्हणाली मी येते, मी म्हटलं तिरिलला नेईन, तिचे डोळे कोवळे आहेत. असं म्हणताना मला माझी खरी लबाडी कळत होती. तिरिल खूश होती, वाटेत आम्ही दालचिनीचे मोठे पाव घेतले, तिनं साखर लागलेली बोटं चाटली, आणि दुपार ओसरायच्या सुमाराला आम्ही तळघरात उतरलो. रविवारी तिथे कुणी नसतं. पात्रांत पाणी ढवळणाऱ्या पट्ट्या सावकाश फिरत असतात, त्यांचा आवाज फक्त. मी तिला रुंद तोंडाची नळी कशी धरायची ते शिकवलं, जीव ओढायचा नाही, पाण्यासकट उचलायचा. तिचा हात चांगला आहे. ज्यांची अंडी भरून आली होती त्या माद्या सोनेरी झाक मारत होत्या, तिनं त्या एकेक करून नव्या पात्रात नेल्या आणि प्रत्येकीला काहीतरी म्हणाली, "चल बाई," "अगं घर सोड आता." मला तिच्याकडे बघून रडू येत होतं आणि मी कोळशाबद्दल बोलत होते.

मग एक जुनं पात्र ओतायचं राहिलं. मी छताचा दिवा मालवला. काळं कापड लावलं. विजेरी मुद्दाम मंद ठेवली आणि तिला म्हटलं, "पात्राच्या मध्यावर, त्या पट्टीवर नजर ठेव. डोळे हलवायचे नाहीत. आता सांग, डाव्या कडेला काही आहे?"

"हा काय प्रकार?"

"आमच्याकडे अशीच रीत आहे."

तिनं पट्टीवर नजर लावली. पट्टी फिरत होती. मी तिचे डोळे बघत होते, ते हललेत का, पण त्या उजेडात मला तिच्या डोळ्यांच्या जागी नुसत्या सावल्या दिसत होत्या. "आहेत," ती म्हणाली. "सात. नाही, सातच. एक खाली आहे."

मी पात्राकडे वळले. माझ्या खिडकीत एक सापडला. तो धरून दुसरा शोधायला गेले तर पाणी फिरलेलं, पहिला हरवला. पुन्हा एक दिसला. तो पहिलाच की तिसरा, कोण सांगणार? मी काठ धरून परत सुरुवात केली. पट्टी फिरतच होती. पट्टी थांबवली तर जीव बुडाशी बसतात, म्हणून ती थांबवायची नसते. सात होते का? चार होते का? ज्या एकाच गोष्टीसाठी मी तिला इथे आणलं होतं तिचं उत्तर तिनं दिलं होतं आणि ते बरोबर की चूक हे मला बघता येत नव्हतं. बाजूला ती अगदी स्तब्ध उभी होती.

"बरोबर ना?" तिनं विचारलं. थोड्या वेळानं पुन्हा, हळू, "आई, बरोबर आहे ना?"

तेव्हा मला कळलं की तिला ठाऊक आहे. यूस्टाइनमामानं सांगितलं असेल, किंवा शाळेत शिकवतातच आता, निम्मं निम्मं. ती खेळत नव्हती. ती माझ्याकडून निकाल मागत होती, आणि तिनं अंदाजानं तर सांगितलं नसेल, मी बटण दाबत होते तसं, हेही मला तिच्या तोंडावर वाचता येत नव्हतं.

"बरोबर," मी म्हटलं. "सात."

तिनं श्वास सोडला. आम्ही ते पात्र ओतलं नाही. झाकून, वर चिठ्ठी लावून ठेवलं, सकाळी इंग्विल बघेल.

बाहेर पडलो तर अंधारून आलं होतं. पाऊस बारीक होता. इमारतीमागच्या दगडी पायऱ्या उतरून रस्ता लागतो, तिथला दिवा गेलेला. तिरिल काही न बोलता माझ्यापुढे आली, कोटाची टोपी मागे सोडली आणि म्हणाली, "धर." मी धरली. ती एकेक पायरी सावकाश उतरत होती, माझ्यासाठी सावकाश, असं मी समजत होते. मधेच तिचा पाय घसरला, टोपीला हिसका बसला, तिनं कठड्याला हात लावला आणि मग तो तिथेच ठेवून चालू लागली.

"ओल्या आहेत पायऱ्या," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं, "इथे सगळेच घसरतात."